सकाळचा पाठ आणि संध्याकाळचा पाठ

दिवेलागणीच्या सुमारास आमच्या आळींत दोन तऱ्हेचे आवाज ऐकूं येत. शेजारच्या घरांतून मुलांची परवचा चाले. आधीं शुभंकरोति, मग पाढे. आमच्या घरांतून एकाच माणसाचा संथ व कांहींसा घोगरा असा वाचनाचा आवाज येई. तो आमच्या वडिलांचा. नगर जिल्ह्यांतील – आतां ज्याचें नांव अहिल्यानगर असें झालें आहे त्या जिल्ह्यांतील – एका लहानशा गांवीं ते शाळामास्तर होते, आणि पाळकसाहेब दुसऱ्या गांवीं गेले असले म्हणजे रविवारची उपासनाही तेच चालवीत. पण रविवारची गोष्ट निराळी. मी सांगणार आहें ती रोजची गोष्ट. रोज सकाळीं एकदां आणि रोज संध्याकाळीं एकदां घरांत पवित्र शास्त्राचें वाचन होई. पाहुणे असोत, आजारपण असो, पेरणीची घाई असो, तें चुकत नसे.

एका सकाळचें वाचन मला अजून आठवतें. उत्पत्तीच्या पुस्तकांतली योसेफाची गोष्ट चालली होती. भावांनीं त्याला कोरड्या विहिरींत टाकलें, मग मिसर देशास जाणाऱ्या व्यापाऱ्यांना विकलें, त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तांत बुडवून म्हाताऱ्या बापापुढें टाकला, आणि बाप रडत बसला. एवढ्यांत अध्याय संपला. “पुढें काय झालें?” आम्हीं सर्व भावंडांनीं एकदम विचारलें. वडिलांनीं पुस्तक मिटलें आणि म्हणाले, “संध्याकाळीं.” तो सबंध दिवस शाळेंत माझें लक्ष लागलें नाहीं. संध्याकाळीं त्यांनीं पुढें वाचलें खरें, परंतु सदतिसाव्या अध्यायानंतर अडतिसावा न वाचतां एकदम एकुणचाळिसावा वाचला. तें मला तेव्हां कळलें नाहीं. पुढें चारपांच वर्षांनीं मीं स्वतः पुस्तक उघडलें तेव्हां तो मधला अध्याय सांपडला, आणि तो वडिलांनीं कां सोडला हेंही समजलें. यहूदा व त्याची सून तामार ह्यांची ती कथा लहान मुलांपुढें वाचण्याजोगी नाहीं खरी. पण त्या सोडलेल्या पानानें माझ्या मनांत जो प्रश्न निर्माण केला तो अजून सुटला नाहीं. त्याच्याकडे मी शेवटीं येईन.

श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळांस ख्रिस्ती घरांतला हा प्रघात अपरिचित असेल, म्हणून तो आधीं थोडा उलगडून सांगतों. ज्यांनीं गुरुचरित्राचा सप्ताह केला आहे त्यांना ठाऊक आहे कीं, पहिल्या दिवशीं कोठवर वाचावयाचें आणि दुसऱ्या दिवशीं कोठून आरंभ करावयाचा हें वाचणारा आपल्या मर्जीनें ठरवीत नाहीं. वारकरी रोज हरिपाठ म्हणतो, तोही आज आपल्याला कोणता अभंग गोड वाटतो हें पाहून म्हणत नाहीं. तशीच ही रीत आहे. आमच्या जुन्या प्रार्थनापुस्तकाच्या आरंभीं एक कोष्टक असतें. त्यांत वर्षाच्या प्रत्येक तारखेपुढें चार वाचनें नेमलेलीं असतात. सकाळीं जुन्या करारांतलें एक व नव्या करारांतलें एक, आणि संध्याकाळीं पुन्हां तशींच दोन. ह्या वाचनांना पाठ म्हणतात. पाठांच्या आधीं त्या दिवसाचीं स्तोत्रें म्हणावयाचीं असतात. आमच्या घरीं स्तोत्रें व जुन्या करारांतला पाठ वडील वाचीत. नव्या करारांतला पाठ आम्हां मुलांपैकीं ज्याला वाचतां येऊं लागलें असेल त्याच्या वांट्याला येई. माझे उच्चार सुधारले ते शाळेपेक्षां ह्या पाठांनींच.

सकाळ व संध्याकाळ ह्या दोन वेळा ख्रिस्ती लोकांनीं नव्यानें शोधून काढल्या असें मात्र नाहीं. ती यहुदी लोकांची देणगी. ईश्वर एकच आहे असें सांगणारें, अनुवाद ह्या पुस्तकांतलें ‘शमा’ नांवाचें वचन निजतांना व उठतांना म्हणावें असा त्यांचा नियम आहे. मोशेच्या पांच ग्रंथांचे भाग पाडून ते आठवड्याआठवड्यांनीं सभास्थानांत वाचावयाचे व वर्षांत ग्रंथ पुरा करावयाचा, हीही त्यांचीच पद्धति. आपल्या कोंकणांतले बेने इस्राएल लोक, ज्यांना तेलाचा धंदा व शनिवारचा विसावा ह्यांमुळें शनवार तेली म्हणत, त्यांच्याजवळ कैक पिढ्या ग्रंथ नव्हते, हिब्रू भाषाही बहुतेक विसरली गेली होती. तरी शमा तेवढा राहिला होता. जें रोज दोन वेळां तोंडीं येतें तें किती चिवट असतें, ह्याचा ह्याहून चांगला दाखला आपल्या मुलुखांत तरी मला ठाऊक नाहीं.

ख्रिस्ती मठांतून ही रीत फार वाढली. सहाव्या शतकांत इटलींत बेनेडिक्ट नांवाच्या संतानें आपल्या मठासाठीं नियम लिहिले. त्यांत दिवसरात्रींत आठ वेळां प्रार्थना सांगितली आहे आणि दीडशेंच्या दीडशें स्तोत्रें एका आठवड्यांत म्हणून पुरीं व्हावींत अशी वांटणी करून दिली आहे. ह्या नियमांतली एक गोष्ट मला फार आवडते. कोणास ही वांटणी पटली नाहीं तर त्यानें खुशाल निराळी करावी, अशी मोकळीक बेनेडिक्ट देतो; फक्त आठवड्यांत दीडशें स्तोत्रें झालीं पाहिजेत ह्यावर तो हटून बसतो. आमचे पूर्वज हें सर्व एका दिवसांत करीत, आम्ही मंद माणसें निदान आठवड्यांत तरी करूं, असें त्याचें म्हणणें.

पण शेतकऱ्यानें, सुतारानें, घरधनिणीनें हें कसें करावें? आणि पुढें पुढें मठांतूनही घोटाळा झाला. सणांची व संतांच्या दिवसांची गर्दी झाली, त्या त्या दिवसाचीं निराळीं वाचनें आलीं, आणि नेहमींचा क्रम मागें पडला. एखादें पुस्तक आरंभावें, दोनतीन अध्याय व्हावेत आणि तें तेथेंच रहावें असें होऊं लागलें. १५३५ सालीं स्पेनमधील कार्डिनल किन्योनेस ह्यांनीं रोमच्या आज्ञेवरून सुटसुटीत क्रम तयार केला, आणि त्यांतूनच सूचना घेऊन इंग्लंडांत कँटरबरीचे आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर ह्यांनीं १५४९ सालचें प्रार्थनापुस्तक रचलें. मठांतल्या अनेक वेळांच्या प्रार्थना एकत्र करून त्यांनीं दोनच ठेविल्या: एक सकाळची, एक संध्याकाळची. आणि त्या साधूंच्याच नव्हेत, गांवांतल्या देवळांत घंटा वाजवून सर्वांसाठीं व्हावयाच्या होत्या.

मी मास्तर असल्यामुळें क्रॅन्मरसाहेबांचा हिशेब मला सोडवत नाहीं. नव्या करारांत २६० अध्याय आहेत. शेवटच्या प्रकटीकरणाचे २२ त्यांनीं बहुतेक बाजूला ठेविले, राहिले २३८. त्यांपैकीं चार शुभवर्तमानें व प्रेषितांचीं कृत्यें मिळून ११७ सकाळकडे, आणि पत्रांचे १२१ संध्याकाळकडे. ११७ ची तिप्पट ३५१, १२१ ची तिप्पट ३६३. वर्षाचे दिवस ३६५! म्हणजे रोज एक अध्याय सकाळीं व एक संध्याकाळीं घेतला कीं वर्षांत नवा करार तीनदां पुरा होतो आणि सणासुदीला दोनचार दिवस हातीं उरतात. जुन्या कराराचें गणित इतकें सरळ बसत नाहीं. स्तोत्रें वगळून त्याचे अध्याय ७७९, आणि रोज दोन प्रमाणें जागा ७३०. शिवाय शरद ऋतूंत ज्ञानपर अशीं कांहीं जोडपुस्तकेंही वाचावयाचीं होतीं. तेव्हां कांहींतरी गाळणें भागच होतें. इतिहासाचीं दोन पुस्तकें गेलीं, गीतरत्न गेलें, लेवीय व यहेज्केल ह्यांतले बरेच अध्याय गेले. यशया संदेष्ट्याचें पुस्तक मात्र क्रम मोडून वर्षाच्या अखेरीस, नाताळच्या आधीं वाचलें जावें म्हणून राखून ठेवलें.

हें पुस्तक पुढें १६६२ सालीं ज्या रूपांत स्थिर झालें त्यालाच आम्ही जुनें प्रार्थनापुस्तक म्हणतों. क्रॅन्मर तें पहावयास राहिले नव्हते. राणी मेरीच्या कारकीर्दींत १५५६ सालीं ऑक्सफर्ड येथें त्यांना जिवंत जाळण्यांत आलें. पाठांचें कोष्टकही तसेंच राहिलें नाहीं. १८७१ सालीं तें बदललें, अध्यायाच्या जागीं लहान लहान उतारे आले, नवा करार तीनाऐवजीं दोनदां होऊं लागला; १९२२ सालीं पुन्हां फिरलें. आमच्या मंडळींतही १९७० च्या नोव्हेंबर महिन्यांत नागपूर येथें सहा मंडळ्या एकत्र होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, आणि उपासनेच्या नव्या रीती आल्या. त्यांबद्दल माझी तक्रार नाहीं. पण आमच्या घरीं पाट्या सुटलेलें तें जुनें पुस्तकच चालू राहिलें, आणि त्यांतली एक गोष्ट कोणत्याही फेरफारांत न बदलतां टिकली होती, ती म्हणजे स्तोत्रांची वांटणी.

क्रॅन्मर ह्यांनीं बेनेडिक्टचा आठवडा ताणून त्याचा महिना केला. दीडशें स्तोत्रें साठ वाट्यांत विभागलीं. तीस सकाळी व तीस संध्याकाळी. पहिल्या तारखेच्या सकाळीं पहिलीं पांच, तिसाव्या तारखेच्या संध्याकाळीं शेवटचीं चार. एकतिसाव्या तारखेला तिसाव्याचींच पुन्हां म्हणावयाचीं. फेब्रुवारींत महिना जेथें संपेल तेथें थांबावयाचें आणि मार्चच्या एक तारखेस पुन्हां पहिल्यापासून. एकशेंएकोणिसावें स्तोत्र फारच लांब म्हणून चोवीस तारखेच्या संध्याकाळपासून सव्विसाच्या संध्याकाळपर्यंत पुरतें. ही वांटणी करतांना कोणीं रस पाहिला नाहीं, विषय पाहिला नाहीं, लांबी पाहिली. म्हणूनच तिची मला किंमत वाटते. पुष्कळ लोकांना मेंढपाळाचें तेविसावें स्तोत्र पाठ असतें आणि तें म्हणावयास सर्वांनाच आवडतें. परंतु चार तारखेच्या संध्याकाळीं तें एकटें येत नाहीं. त्याच्याआधीं बाविसावें येतें, आणि बाविसाव्याचा आरंभच देवानें टाकून दिलेल्या माणसाच्या हंबरड्यानें होतो. आधीं तो ऐकावा लागतो. मग हिरवीं कुरणें.

बावीस तारखेची संध्याकाळ ही अशीच एक जागा. त्या संध्याकाळीं एकशेंनववें स्तोत्र येतें. हें शापांचें स्तोत्र आहे. शत्रूचे दिवस थोडे होवोत, त्याचीं मुलें पोरकीं होवोत, सावकार त्याचें सर्वस्व नेवो, असें तें म्हणत जातें. कैक वर्षांपूर्वीं माझा व माझ्या चुलतभावाचा सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तंटा झाला. बोलणें बंद झालें होतें. अशांत बावीस तारीख आली. वाचून झाल्यावर पत्नी मला एवढेंच म्हणाली, “आज आवाज मोठा लागला होता तुमचा.” मी चपापलों. त्याच्याआधींचें स्तोत्र मीं नेहमींसारखें वाचलें होतें. ह्या स्तोत्राला मात्र जोर चढला होता, आणि तो मला स्वतःला ऐकूं आला नव्हता. पुढच्या महिन्याच्या बाविसालाही तंटा चालूच होता. पण तेव्हां प्रत्येक ओळ जिभेवर अडत होती. पुढें तंटा मिटला. तो स्तोत्रामुळें मिटला असें मात्र मी म्हणणार नाहीं. त्या सालीं पाऊस चांगला झाला होता.

नेमलेल्या वाचनाच्या दुसऱ्याही पद्धती आहेत. जर्मनींत हेर्नहूट नांवाच्या गांवीं काउंट त्सिंत्सेन्डॉर्फ ह्यांनीं १७२८ सालच्या मे महिन्यांत, ३ तारखेस, आपल्या मंडळीला दुसऱ्या दिवसासाठीं एक वचन दिलें. तेव्हांपासून रोज एक वचन घरोघर पोंचविण्याची चाल पडली, आणि १७३१ पासून सबंध वर्षाचीं वचनें छापून निघतात. जुन्या करारांतलीं हीं वचनें चिठ्ठ्या टाकून निवडतात. माणसाची निवड टाळावयाची ही फारच प्रामाणिक तऱ्हा म्हटली पाहिजे. पण एका वचनानें माझें भागत नाहीं. त्याच्या मागचें पुढचें दिसत नाहीं, आणि मागचें पुढचें न पाहतां घेतलेल्या वचनाला आपण आपल्या सोयीचा अर्थ लावतों. उलट स्कॉटलंडमधील डंडी शहराचे तरुण पाळक रॉबर्ट मचेन ह्यांनीं १८४२ च्या अखेरीस आपल्या लोकांसाठीं जें कोष्टक केलें त्यांत रोजचे चार अध्याय आहेत. दोन कुटुंबानें एकत्र वाचावयाचे, दोन ज्याचे त्यानें एकांतांत. तें देतांनाच त्यांनीं त्याचे धोकेही सांगितले: वाचन यांत्रिक होईल, वाचलें म्हणून अभिमान वाटेल, आणि कित्येकांना तें ओझें होईल. दुसऱ्याच वर्षीं एकोणतिसाव्या वर्षीं ते वारले. त्यांचें कोष्टक मीं दोनदां धरलें. एकदां मार्चमध्यें सोडलें, एकदां जूनमध्यें. ओझ्याचा धोका त्यांनीं बरोबर ओळखला होता. अभिमानाचा धोका मला अर्थातच आला नाहीं.

रोजचें वाचन ऐकणाऱ्याला समजलें पाहिजे ही अट सोपी दिसते, पण तिच्यासाठीं रक्त सांडलें आहे. १५४९ सालीं लॅटिन जाऊन इंग्रजी प्रार्थनापुस्तक आलें तेव्हां इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाला बंड झालें. त्याचीं कारणें अनेक होतीं; पण कॉर्नवॉलच्या लोकांनीं असेंही सांगितलें कीं, आमच्यांत कित्येकांना इंग्रजी मुळींच कळत नाहीं. लोकांच्या भाषेंत म्हणून जें केलें, तें त्या लोकांच्या भाषेंत नव्हतेंच! आपल्याकडे गोव्यांत साष्टी भागांत काम करणारे इंग्रज जेझुइट फादर टॉमस स्टीफन्स ह्यांना ही अडचण आधींच उमगली होती. देवळांतला विधि लॅटिनमध्यें होता, म्हणून त्यांनीं शास्त्रांतल्या कथा मराठी ओव्यांत रचल्या. सुमारें ११,००० ओव्यांचें तें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापलें गेलें आणि रविवारीं व सणांच्या दिवशीं देवळांतून वाचलें जाऊं लागलें. मराठी नवा करार १८११ सालीं श्रीरामपूर येथें निघाला, तो विल्यम कॅरी व त्यांचे पंडित ह्यांच्या श्रमानें. हें श्रीरामपूर आपल्या जिल्ह्यांतलें नव्हे, बंगाल्यांत हुगळी नदीवरचें. मुलें हटकून चुकतात म्हणून सांगितलें. आणि पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून सबंध शास्त्र सोप्या मराठींत आणिलें. १९२२ च्या एप्रिलमध्यें त्या वारल्या. ग्रंथ १९२४ सालीं छापून बाहेर आला. विद्वानांच्या भाषेंत त्यांना कांहीं कमी नव्हतें. तरी खेड्यांतल्या, थोडें शिकलेल्या बाईला कळावें म्हणून त्यांनीं हा खटाटोप केला.

माझ्या आईला तेवढीही अक्षरओळख नव्हती. तिला स्तोत्रांचे अंक ठाऊक नसत; तारखा ठाऊक असत. तेविसाव्या स्तोत्राला ती ‘चार तारखेच्या संध्याकाळचं’ म्हणे. पन्नाससाठ वर्षें महिन्यामहिन्यानें कानांवर पडून सबंध स्तोत्रसंहिता तिच्याजवळ पंचांगासारखी झाली होती.

माझी पत्नी २०११ सालच्या जुलै महिन्यांत वारली. सोळा तारखेची रात्र होती. दुसऱ्या दिवशीं दुपारीं दफनविधि व्हावयाचा होता. सकाळीं घर माणसांनीं भरलेलें. जो तो येऊन, देवाची इच्छा, देवाला प्रिय झाल्या, असें कांहींतरी बोले आणि मी मान डोलवीं. प्रार्थनेची वेळ झाली तेव्हां मीं संवयीनें पुस्तक घेतलें. मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, “पप्पा, आज तेविसावं वाचा ना.” मीं पानें उलटूं लागलों. तेवढ्यांत कोपऱ्यांत बसलेली आई म्हणाली, “आज सतरा तारीख आहे. सतराचंच वाच.”

सतरा तारखेच्या सकाळीं तीन स्तोत्रें आहेत. ८६, ८७ आणि ८८. पहिलें दीनाच्या प्रार्थनेचें, दुसरें सियोन नगराचें, अगदीं लहान. तिसरें कसें आहे हें मला ठाऊक होतें, आणि तें नको म्हणूनच मीं मुलीचें ऐकत होतों. बहुतेक विलापाचीं स्तोत्रें अखेरीस कोठेंतरी वळतात. रडणारा शेवटीं देवाचें आभार मानतो, निदान आशा तरी धरतो. अठ्ठ्यायशींवें वळत नाहीं. त्यांतला माणूस रात्रंदिवस हांक मारतो, आपण मेलेल्यांत जमा झालों म्हणतो, आपलीं माणसें देवानेंच आपल्यापासून दूर केलीं असें देवालाच तोंडावर सांगतो, आणि तेथेंच थांबतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, हिब्रू मला येत नाहीं. पण जाणत्यांनीं लिहून ठेवलें आहे कीं, मूळ भाषेंत ह्या स्तोत्राचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ हा आहे.

तें मीं वाचलें. कसें वाचलें हें आतां आठवत नाहीं. वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग एक गोष्ट माझ्या लक्षांत आली. देवाची इच्छा असें त्यानंतर दुपारपर्यंत कोणीही मला म्हणालें नाहीं. जे आले ते नुसते शेजारीं बसले. मला जें म्हणावयाचें होतें आणि मास्तर म्हणून, उपासना चालविणारा म्हणून, चारचौघांत म्हणतां येत नव्हतें, तें दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं कोणीतरी म्हणून ठेवलें होतें, तें शास्त्रांत राहूं दिलें होतें, आणि सतरा तारखेच्या सकाळीं तें मोठ्यानें वाचण्याचा नेम होता. माझ्यावर निवड असती तर मीं तेविसावें वाचलें असतें. तें वाईट नव्हतें; पण त्या सकाळीं माझ्या तोंडीं तें खरें झालें नसतें. दुसऱ्या दिवशीं अठरा तारीख, नव्वदावें स्तोत्र, माणसाच्या सत्तर वर्षांचें. आदल्या दिवशींच तें कबरेपाशीं वाचलें गेलें होतें. तें मीं आईला एकटीलाच वाचून दाखविलें.

आतां त्या सोडलेल्या पानाकडे येतों. नेमलेलें असेल तें सर्व वाचावें असें एवढें सांगून झाल्यावर, नेमणारे स्वतःच गाळीत आले आहेत हेंही सांगितलें पाहिजे. इंग्लंडांत प्रार्थनापुस्तकाची सुधारलेली आवृत्ति तयार झाली, ती पार्लमेंटच्या कॉमन्स सभेनें १९२७ व १९२८ अशी दोनदां नामंजूर केली. तिच्यांत शापांच्या ओळी कंसांत घातल्या होत्या, म्हणजे ज्याला नको असतील त्यानें त्या सोडाव्यात. रोमन कॅथॉलिक मंडळीनें १९७१ सालीं प्रहरांच्या प्रार्थनेचा नवा ग्रंथ काढला, स्तोत्रांचें चक्र चार आठवड्यांचें केलें, आणि ५८, ८३ व १०९ हीं तीन स्तोत्रें सबंध वगळलीं. इतरांतल्या कांहीं ओळीही काढल्या. आजच्या माणसाला त्या म्हणतांना जड जातें, हें त्यामागचें कारण. हें कारण मी हलकें मानीत नाहीं. शाप वाचतांना आवाज चढतो हें मीं स्वतःच्या घरांत पाहिलें आहे. पण बाविसाव्या तारखेला तें स्तोत्र नसतें तर तो आवाज चढला नसता असें नव्हे. तो दुसरीकडे कोठेंतरी, विहिरीवर, चढला असता, आणि पत्नीला तो ऐकूं आला नसता. म्हणून मोठ्या माणसांपुढें कांहीं गाळूं नये असें माझें मत झालें आहे. लहान मुलांचें काय?

माझा नातू नऊ वर्षांचा आहे. तो सुट्टींत आला म्हणजे संध्याकाळीं माझ्याजवळ बसतो. गेल्या मे महिन्याच्या अठ्ठावीस तारखेस एकशेंसदतिसावें स्तोत्र आलें. यरुशलेम पडल्यावर बाबेलास नेलेले लोक तेथल्या नद्यांकांठीं बसून रडतात, वीणा झाडांना टांगून ठेवतात. असें तें फार सुंदर स्तोत्र आहे, सहाव्या ओळीपर्यंत. शेवटच्या तीन ओळींत सूड आहे, आणि अगदीं शेवटच्या ओळींत शत्रूच्या तान्ह्या मुलांविषयीं जें म्हटलें आहे तें मी येथें सांगत नाहीं. मीं सहाव्या ओळीशीं थांबलों आणि पुढच्या स्तोत्राला लागलों. वडिलांची युक्ति. पण आम्ही तेव्हां नुसते ऐकत होतों, आणि हा मुलगा ओळींवर बोट ठेवून पहात होता.

“आजोबा, तीन ओळी राहिल्या,” तो म्हणाला.

मीं कांहीं बोलण्याच्या आंत त्यानें पुस्तक आपल्याकडे ओढलें आणि त्या तीन ओळी मोठ्यानें वाचल्या. मग माझ्या तोंडाकडे पाहून विचारलें, “असं देवाला सांगायचं असतं?”

मीं त्याला सांगितलें कीं, ज्यांचें शहर जाळलें आणि ज्यांना बांधून परमुलुखांत नेलें त्यांनीं तें सांगितलें आहे.

“मग देव काय म्हणाला?”

स्तोत्र तेथें संपतें, हें मीं त्याला पानावर दाखविलें. एकशेंअडतिसावें आम्हीं त्या संध्याकाळीं वाचलें, पण तें जेवणें झाल्यावर.